दुसऱ्या पसंतीची नीति

‘ज्याच्या हातीं ससा तो पारधी’ ही म्हण आपल्या भाषेंत पुष्कळ जुनी आहे. आणि निवडणुकीच्या जगांत तर तिचें राज्य इतकें निर्वेध चालत आलेलें आहे कीं, तिच्यांत कांहीं अन्याय असेल ही शंकाहि सहसा कोणास येत नाहीं. ज्याला इतरांपेक्षां एक मत अधिक तो विजयी, बाकीच्यांनीं मुकाट्यानें घरीं जावें, हा न्याय आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, पडलेल्या उमेदवाराला ज्यांनीं मतें दिलीं त्यांच्या मतांचें पुढें काय झालें, असें विचारणाराच वेडा ठरतो. स्कॉटलंडमधील लोकांनीं आपल्या नगरसभांपुरता हा प्रश्न विचारला, आणि २००७ च्या निवडणुकीपासून मतदाराच्या हातीं फुलीऐवजीं आंकडे दिले. पहिली पसंती कोणाची, दुसरी कोणाची, तिसरी कोणाची, हें त्यानें क्रमानें लिहावयाचें. वरवर पाहणारास ही केवळ मोजणीची एक युक्ति वाटेल. आमच्या मतें तिच्या पोटीं एक खरोखरीचा नैतिक प्रश्न आहे. जो आपला नव्हे, ज्याचे विचार आपणांस पुरते पटत नाहींत, त्याच्या नांवापुढें दोनाचा आंकडा घालणें हा उदारपणा आहे कीं तत्त्वच्युति? ग्लासगो शहराच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा विचार करण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

ग्लासगो हें स्कॉटलंडच्या बत्तीस स्थानिक विभागांपैकीं लोकसंख्येनें सर्वांत मोठें. त्या देशांतील शहरांच्या कारभाराचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १४६९ च्या एका कायद्यान्वयें तेथील सनदी शहरांत असा नियम झाला कीं, मुदत संपलेल्या नगरमंडळानेंच आपल्यामागून येणारें नवें मंडळ निवडावें. हा प्रकार १८३३ च्या सुधारणेपर्यंत, म्हणजे साडेतीनशें वर्षांहून अधिक काळ, चालला, आणि शहरें हीं मूठभर लोकांचीं वतनें होऊन बसलीं. हीं वतनें तुटल्यावर शहराचा संसार कसा वाढीस लागतो याचें उदाहरण म्हणून ग्लासगोकडे बोट दाखवितां येईल. १८५९ त तेथील नगरसभेनें डोंगरांतील कॅट्रिन सरोवराचें पाणी शहरांत खेळविलें. १८८८ त जॉर्ज चौकांतील तिच्या भव्य प्रासादाचें उद्घाटन झालें. १८९४ त तिनें ट्रामगाड्या स्वतः चालवावयास घेतल्या. १९१५ त घरभाड्याच्या वाढीविरुद्ध बायकांना संघटित करणाऱ्या मेरी बार्बर १९२० त याच सभेवर निवडून आल्या. १९३३ त मजूर पक्षाच्या हातीं तेथील सत्ता आली, आणि पुढील ऐंशी वर्षांतील बहुतेक काळ ग्लासगो म्हणजे मजूर पक्ष हें समीकरण कायम राहिलें.

आतां या समीकरणाचा हिशेब पाहूं. २००३ च्या निवडणुकीपर्यंत एका प्रभागास एक जागा आणि एका मतदारास एक फुली ही जुनी पद्धति होती. त्या वर्षीं मजूर पक्षाला शहरांतील निम्म्याहून किंचित् कमी मतें पडलीं; परंतु ७९ जागांपैकीं ७१ त्याच्या पदरांत आल्या. उरलेल्या आठ जागा इतर चार पक्षांत वांटल्या गेल्या. म्हणजे शहरांतील अर्ध्याहून अधिक मतदारांची सारी बाजू आठ माणसांच्या तोंडून मांडली जावयाची! यांत कोणीं मतें चोरलीं नव्हतीं, कोणीं पेट्या फोडल्या नव्हत्या. मोजणी चोख होती. चोख मोजणींतूनहि अन्याय निष्पन्न होऊं शकतो, हाच त्यांतील धडा. शिवाय असल्या विजयांत विजयी पक्षाचेंहि अकल्याण असतें. ज्या सभेंत विरुद्ध बोलणारा भेटत नाहीं, त्या सभेला आपली चूक दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची संवय राहत नाहीं. याच वर्षीं स्कॉटलंडभर साठांच्या आसपास जागा बिनविरोध भरल्या. निकाल आधींच ठाऊक असल्यावर उमेदवारानें तरी उभें कशाला राहावें?

२००४ त स्कॉटलंडच्या पार्लमेंटानें ही पद्धति बदलणारा कायदा केला. त्या वेळीं तेथें मजूर व उदारमतवादी या दोन पक्षांचें संयुक्त सरकार होतें, आणि उदारमतवाद्यांनीं हा कायदा आपल्या सहकार्याची किंमत म्हणून मागून घेतला होता. मजूर पक्षाच्या कित्येक नगरसेवकांना तो रुचला नाहीं, हें स्वाभाविकच होतें. कल्पना मात्र जुनी होती. टॉमस हेअर या इंग्रज वकिलानें ती १८५९ च्या आपल्या ग्रंथांत सविस्तर मांडली. आगरकरांच्या पिढीनें ज्याला गुरुस्थानीं मानलें त्या मिल्लनें १८६१ त तिचा हिरीरीनें पुरस्कार केला, आणि १८६७ त ब्रिटिश पार्लमेंटापुढेंहि ती ठेविली. ती तेव्हां मान्य झाली नाहीं.

आपल्याकडे विधानपरिषदेच्या पदवीधर मतदारसंघांत ज्यांनीं मत दिलें आहे त्या वाचकांस ही रीत अगदींच नवी वाटणार नाहीं. ग्लासगोंत एका प्रभागांतून तीन किंवा चार नगरसेवक निवडावयाचे असतात. समजा, जागा चार आहेत आणि वैध मतें दहा हजार पडलीं आहेत. चार जागांत एक मिळवून येणाऱ्या पांचानें दहा हजारांस भागावें, आणि भागाकारांत एक मिळवावा. २००१ ही निवडून येण्याची मर्यादा ठरली, कारण इतकीं मतें चारांपेक्षां अधिक उमेदवारांना मिळणें शक्यच नाहीं. एखाद्याला ३००१ मतें पडलीं, तर वरचीं हजार मतें वायां जात नाहींत. त्याच्या प्रत्येक मतपत्रिकेचा सुमारें एक तृतीयांश अंश तिच्यावरील पुढील पसंतीच्या उमेदवाराकडे जातो. उलट, जो सर्वांत खालीं राहतो तो बाद होतो, आणि त्याच्या पत्रिका त्यांवरील पुढील पसंतीला मिळतात. या रीतीनें २००७ त मजूर पक्षाला ७९ पैकीं ४५ जागा मिळाल्या, बहुमत राहिलें. पण समोर स्कॉटिश राष्ट्रीय पक्षाचे २२ सभासद बसले, आणि त्या वर्षीं साऱ्या स्कॉटलंडांत एकहि जागा बिनविरोध गेली नाहीं. २०२२ त ग्लासगोच्या ८५ जागा राष्ट्रीय पक्ष ३७, मजूर पक्ष ३६, हरित पक्ष १० आणि हुजूर पक्ष २ अशा वांटल्या गेल्या.

येथवर झालें तें गणित. परंतु तत्त्वनिष्ठ मनुष्याचें समाधान गणितानें होत नसतें. तो म्हणेल, “मत ही माझ्या विवेकाची साक्ष आहे. साक्षीला दुसरा क्रमांक कसला? न्यायासनापुढें उभा राहून, ‘माझें म्हणणें असें आहे, पण तें आपणांस पटत नसेल तर माझ्यापाशीं दुसरेंहि एक आहे,’ असें म्हणणाऱ्या साक्षीदाराची किंमत ती काय? मजूर पक्षाला पहिला आंकडा देऊन त्याच हातानें उदारमतवाद्याला दुसरा आणि हुजूर पक्षीयाला तिसरा देणारा मनुष्य कोणत्याच पक्षाचा नव्हे. ‘दगडापेक्षां वीट मऊ’ ही बाजारांतली अक्कल झाली. तिला नीति म्हणूं नका.” हा आक्षेप हलका नाहीं. ज्यांनीं एखाद्या तत्त्वापायीं हाल सोसले आहेत अशीं माणसेंच बहुधा तो घेतात, आणि म्हणून त्याचें उत्तर आदरपूर्वक दिलें पाहिजे.

पहिलें उत्तर असें कीं, साक्षीदार आणि मतदार यांचें काम एक नव्हे. साक्षीदारानें काय घडलें तें सांगावयाचें असतें. मतदारानें इतर हजारों माणसांच्या बरोबर राहून काय करावें तें ठरवावयाचें असतें. आणि सत्याचीच कसोटी लावावयाची, तर जुन्या पद्धतींत खोटें बोलण्याची पाळी कोणावर येत असे तेंहि पाहावें. ज्या प्रभागांत आपला मनुष्य निवडून येणार नाहीं हें ठाऊक आहे, तेथील मतदार मनांतल्या उमेदवाराला सोडून, जो त्यांतल्या त्यांत बरा आणि येण्यासारखा, त्याच्यापुढें फुली करी. ती फुली जगाला सांगे कीं ‘मला हाच हवा’. वास्तविक त्याला तो नको असे. वीट मऊ म्हणून उचलावयाची, आणि ती वीटच आपल्याला प्रिय आहे असें लिहून द्यावयाचें, हा तो प्रकार. आंकड्यांच्या पद्धतींत मतदाराला पहिला आंकडा निर्भयपणें खरा लिहितां येतो. कारण त्याची दुसरी पसंती पहिलीच्या वाटेंत कधींहि आडवी येत नाहीं. पहिला निवडून आला किंवा पुरता पडला म्हणजेच दुसरीचा विचार होतो. सत्य आधीं सांगून घ्यावें, मग व्यवहार पाहावा, आणि दोहोंमधील रेघ स्वतःच्या हातानें कागदावर ओढावी, ही सोय या पद्धतीनें प्रथमच करून दिली. तडजोड दोन्हीं पद्धतींत आहे. जुनींत ती निष्ठेचें सोंग घेऊन येई. नवींत ती आपल्या खऱ्या क्रमांकानें येते.

दुसरें उत्तर याहून खोल आहे. नगरसभा म्हणजे समानधर्मी लोकांचा मठ नव्हे. शाळा, रस्ते, कचरा, वृद्धांची शुश्रूषा, हीं तिचीं कामें. आणि हीं कामें माझ्या मताच्या व माझ्या विरुद्ध मताच्या घरांचा एकाच गल्लींतला प्रपंच आहे. चार जागांच्या प्रभागांत माझ्या शेजाऱ्याच्या आवडीचाहि कोणी तरी निवडून येणारच. तेव्हां दुसरी पसंती लिहितांना मतदारापुढें जो प्रश्न असतो तो असा कीं, इतरांना हव्या असलेल्या माणसांपैकीं कोणाबरोबर मला शहर चालवितां येईल? या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें तर विरुद्ध पक्षाचें पत्रक वाचावें लागतें. त्या पक्षांतहि भला कोण आणि आडमुठा कोण हें पारखावें लागतें. ज्याला आपण एरवीं ‘ते लोक’ म्हणून एका शब्दांत निकालांत काढतों, त्यांच्यांत तरतमभाव करण्याचें हें शिक्षण आहे, आणि नागरिकाच्या शिक्षणांत तें आम्हांस फार मोलाचें वाटतें.

स्कॉटलंडला याचा एक जुना अनुभवहि आहे. १९१८ च्या शिक्षणविषयक कायद्यानें कॅथलिक पंथाच्या शाळा सार्वजनिक व्यवस्थेंत घेण्याची तरतूद झाली. या शाळांतील पुष्कळ मुलें आयर्लंडांतून आलेल्या गरीब कुटुंबांचीं होतीं, आणि बहुसंख्य समाज प्रॉटेस्टंट होता. परस्परांविषयींचा संशय जुना व तीव्र होता. १९१९ त शिक्षणमंडळांच्या ज्या निवडणुका झाल्या त्या याच पसंतीक्रमाच्या पद्धतीनें झाल्या, आणि अल्पसंख्य समाजाला आपल्या संख्येच्या बळावर आपले प्रतिनिधि तेथें बसवितां आले. हीं मंडळें १९२९ च्या कायद्यानें गेलीं, त्यांबरोबर ही पद्धतिहि विस्मृतींत गेली. तरी त्यांतील मर्म विसरण्यासारखें नाहीं. जो आपल्या हक्कानें सभेंत येऊन बसतो त्याला कोणाच्या दयेची भीक मागावी लागत नाहीं, आणि म्हणून तो इतरांशीं बरोबरीच्या नात्यानें बोलूं शकतो.

या उदारपणालाहि मर्यादा आहेच. स्कॉटलंडच्या कायद्यानें सर्व नांवांपुढें आंकडे घालण्याची सक्ति केलेली नाहीं. एकच आंकडा लिहून थांबतां येतें. ही मुभा आम्हांस अत्यंत योग्य वाटते. कर किती असावा, शाळा कोणती बंद करावी, यांविषयीं माझ्याशीं भांडणारा मनुष्य हा माझा विरोधक. त्याला मी तिसरा क्रमांक देईन, चौथा देईन. परंतु माझ्या शेजाऱ्याला या शहरांत राहण्याचाच अधिकार नाहीं असें जो म्हणतो, त्याच्यापुढें शेवटचाहि आंकडा घालण्यास मी बांधलेला नाहीं. अशी कोरी सोडलेली जागा हाहि विवेकाचाच उद्गार होय. अट इतकीच कीं, ती विचार करून कोरी ठेवलेली असावी. ‘आपला एक, बाकी सारे सारखेच’ अशा आळसानें किंवा आकसानें जो पेन्सिल खालीं ठेवतो, त्यानें शेजाऱ्यांविषयींचें आपलें कर्तव्य अर्ध्यावर सोडलें असें म्हणावें लागेल.

आक्षेपकाजवळ आणखी एक बळकट मुद्दा आहे, आणि तो टाळून चालणार नाहीं. या पद्धतींत बहुधा कोणाही एका पक्षाला बहुमत मिळत नाहीं. मग निकालानंतर पक्षापक्षांच्या सोयरिकी जुळतात, आणि त्या मतदाराला विचारून जुळत नाहींत. एडिंबरो शहरांत २०२२ त ६३ पैकीं राष्ट्रीय पक्षाला सर्वांत अधिक, म्हणजे १९ जागा मिळाल्या. परंतु कारभार हातीं आला तो १३ जागांच्या मजूर पक्षाच्या, उदारमतवादी व हुजूर पक्षांच्या पाठिंब्यानें. त्या वेळीं तटस्थ राहिलेल्या दोघां मजूर नगरसेवकांस त्यांच्या गटानें निलंबित केलें. त्यापूर्वीं २०१७ त ॲबर्डीन शहरांतील नऊ मजूर नगरसेवकांनीं हुजूर पक्षाशीं संयुक्त कारभार केला, तर पक्षाच्या स्कॉटिश शाखेनें त्या नवांनाच निलंबित केलें. दोन्हीं प्रसंग शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यासारखे आहेत. एका शहरांत हुजूर पक्षाशीं हात मिळविला म्हणून शिक्षा. दुसऱ्या शहरांत हुजूर पक्षाच्या टेकूवर उभ्या राहणाऱ्या कारभाराला हात वर केला नाहीं म्हणून शिक्षा! तत्त्व यांतील कोणत्या प्रसंगीं पाळलें गेलें, हें वाचकांनींच ठरवावें.

परंतु हा दोष मतदाराच्या दुसऱ्या पसंतीचा नव्हे. मतदारानें आपली दुसरी पसंती कागदावर लिहून दिलेली असते; पक्ष मात्र आपली दुसरी पसंती निकाल लागेपर्यंत मुठींत झांकून ठेवतात. ज्या कायद्यानें नागरिकाला प्रामाणिकपणें क्रम लावावयास शिकविलें, त्याच्या आशयाप्रमाणें पक्षांनींहि निवडणुकीपूर्वींच सांगावें कीं, बहुमत न मिळाल्यास आम्ही कोणाबरोबर बसूं आणि कोणाबरोबर मुळींच बसणार नाहीं. तडजोड ही लज्जास्पद नाहीं. २००४ चा कायदा हा स्वतःच दोन पक्षांच्या तडजोडीचें फळ होता. लपविलेली तडजोड मात्र लज्जास्पद असते, कारण तींत ज्याच्या नांवानें सौदा होतो त्यालाच तो ठाऊक नसतो.

मतदारानेंहि आपल्या बाजूचा हिशेब तपासून पाहिला पाहिजे. स्कॉटलंडच्या मतपत्रिकेवर उमेदवारांचीं नांवें आडनांवाच्या अक्षरानुक्रमानें छापतात. आणि एकाच पक्षाचे दोन उमेदवार असले म्हणजे ज्याचें नांव वर त्याला पहिल्या पसंतीचीं मतें अधिक मिळतात, असें वारंवार आढळून आलें आहे. बापाच्या आडनांवाचें पहिलें अक्षर हा नगरसेवकाचा गुण होऊन बसावा, ही स्वतंत्र नागरिकांस शोभणारी गोष्ट नव्हे. बाद होणाऱ्या मतपत्रिकांचें प्रमाण गरीब वस्त्यांत अधिक असतें, हीहि तशीच विचार करावयास लावणारी गोष्ट आहे. तेथें मात्र दोष मतदाराचा म्हणण्यापेक्षां त्याला नीट समजावून न सांगणारांचा. २०२२ त स्कॉटलंडमधील निम्म्याहून अधिक मतदार मतदानास गेलेच नाहींत. सोळा वर्षांच्या मुलामुलींस २०१५ च्या कायद्यानें आणि देशांत कायदेशीरपणें राहणाऱ्या सर्व परकीय नागरिकांस २०२० च्या कायद्यानें तेथें मताचा अधिकार मिळाला आहे. राष्ट्रकुलाच्या नागरिकांस तो पूर्वींपासूनच आहे, त्यामुळें ग्लासगोंत स्थायिक झालेलें मराठी कुटुंब भारताचें नागरिकत्व न सोडतांहि हे आंकडे लिहूं शकतें. दार इतकें उघडें असतांना आंत पाऊल न टाकणाऱ्यानें कोणत्या तत्त्वाचें रक्षण केलें?

न्याय्य मोजणीनें न्याय्य कारभार आपोआप येतो, असें मात्र कोणीं समजूं नये. ग्लासगोच्या नगरसभेनें २००६-०७ च्या सुमारास नोकरांच्या पगाराची नवी श्रेणी लागू केली. घरोघर जाऊन वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या, शाळांतून सफाई करणाऱ्या व स्वयंपाक रांधणाऱ्या बायकांचें म्हणणें असें पडलें कीं, तितक्याच मोलाच्या पुरुषी कामांना अधिक वेतन मिळतें. २००७ गेलें, २०१२ गेलें. सभेंत सर्व पक्षांचे प्रतिनिधि बसूं लागले, तरी तक्रार तशीच राहिली. २०१७ त वरिष्ठ न्यायालयाचा निकाल नगरसभेविरुद्ध गेला. ऑक्टोबर २०१८ त सुमारें आठ हजार बायकांनीं दोन दिवसांचा संप केला. आणि २०१९ त पन्नास कोटि पौंडांहून अधिक रकमेवर तडजोड झाली. निवडणुकीचा आंकडा हा न्यायाचा आरंभ आहे. त्यापुढें माणसांना चालावेंच लागतें.

असो. ‘एक घाव दोन तुकडे’ करणाऱ्या वृत्तीचें आपणां सर्वांस मोठें आकर्षण असतें, कारण तींत विचाराचे कष्ट थोडे आणि निष्ठेचें समाधान फार. आपल्याकडील पदवीधर मतदारसंघांतहि एकाचा आंकडा लिहून समाधानानें बाहेर पडणारे सुशिक्षित थोडे नाहींत. त्यांना आमची इतकीच विनंति आहे कीं, पुढच्या वेळीं पहिला आंकडा लिहून झाल्यावर उरलेल्या नांवांकडे क्षणभर पाहावें, आणि आपला मनुष्य पडला तर यांपैकीं कोणाच्या हातीं आपलें काम विश्वासानें देतां येईल, असें मनाला विचारावें. कोणाच्याहि नाहीं, असें उत्तर आलें तर खुशाल थांबावें. परंतु आलेंच एखादें नांव, तर तें लिहिण्यांत आपल्या पहिल्या निष्ठेचा केसभरहि भंग होत नाहीं; फक्त शहरांत आपल्याखेरीज आणखीहि लोक राहतात, ही गोष्ट आपण मान्य केलेली असते.